फुलझाडांच्या कुंड्या गाडीनं पाठवताना: पंधरा दिवस आधीपासून माल उतरेपर्यंत

नर्सरीतून निघालेला कुंडीतला गुलाब दुकानात उतरतो तेव्हा टवटवीत असतो. तिसऱ्या दिवशी खालची पानं पिवळी पडतात, कळ्या नुसता हात लागला तरी गळतात. मग घेणारा म्हणतो माल खराब होता, आणि पाठवणारा म्हणतो तुम्ही पाणी दिलं नाही. गाडी चालू असताना झाडाचं त्या मानानं फार बिघडत नाही. बिघडतं ते निघण्याआधीच्या दोन आठवड्यांत, गाडी ढाब्यावर उन्हात उभी असताना, आणि उतरवल्यावर कुठंतरी ढकलून दिलेल्या पहिल्या रात्री. म्हणून इथं रस्त्याच्या आधीचं आणि नंतरचंच जास्त सांगितलं आहे. हिशेब धरलाय तो तालुक्याच्या गावाहून नागपूर, अमरावती, अकोल्याला पिकअपनं किंवा छोट्या हत्तीनं (टाटा एस टेम्पोनं) जाणाऱ्या शे-दोनशे कुंड्यांचा. एसटीनं पाठवायच्या दोन-चार खोक्यांनाही यातलं बहुतेक लागू पडतं.

माती आणि वजन

काळी माती कापसाला चांगली, कुंडीला नाही. सुकली की ती आकसते आणि कुंडीच्या कडेपासून सुटते. वरून घातलेलं पाणी त्या फटीतून सरळ खाली निघून जातं. माती वरून ओली दिसते, आतला गड्डा कोरडाच राहतो. गाडीत धक्के बसले की हा गड्डा एकसंध हलतो आणि कडेची बारीक मुळं तुटतात. पाणी ओढणारी मुळं हीच असतात.

वजनाचा हिशेबही करून पाहा. ८ इंची कुंडीत साधारण ४ ते ५ लिटर मिश्रण मावतं. ओल्या काळ्या मातीनं भरली तर ती ६-७ किलोंची होते. छोट्या हत्तीचा तळ सुमारे ७ बाय ५ फुटांचा, म्हणजे ८ इंची कुंड्या एका थरात ७० बसतात आणि वजन तिथंच साडेचारशे-पाचशे किलोंवर जातं. वर फळी टाकून दुसरा थर लावला की साधारण साडेसातशे किलोंची मर्यादा ओलांडली. हलक्या मिश्रणानं हेच वजन जवळपास निम्म्यावर येतं.

मिश्रण असं करा: १ भाग गाळमाती किंवा बारीक मुरूम मिसळलेली माती, १ भाग पूर्ण कुजलेलं चाळलेलं शेणखत, १ भाग धुतलेलं कोकोपीट आणि अर्धा भाग जाळलेलं धानाचं तूस. तूस भंडारा-गोंदियाकडच्या कुठल्याही राइस मिलवर मिळतं. ते काळं कोळशासारखं जळलेलं हवं. पांढरी राख झालेलं नको, कारण राखेनं मिश्रण खारवट-अल्कधर्मी होतं आणि नवी पानं पिवळी निघतात.

कुंडी बदलायची असेल तर पाठवण्याच्या ३-४ आठवडे आधी बदला. गिऱ्हाइकाला भरदार दिसावं म्हणून आदल्या आठवड्यात मोठ्या कुंडीत हलवलेलं झाड हमखास रुसतं. तयार आहे की नाही हे पाहायला लॉटमधली एक कुंडी उलटी धरून हळूच ठोका. गड्डा न फुटता बाहेर आला आणि त्याच्या अंगावर पांढरी मुळं दिसली, की तो लॉट निघायला तयार आहे.

आधीचे पंधरा दिवस

खत पाठवण्याच्या १५ दिवस आधी बंद करा. शेवंतीत कळ्यांना रंग दिसू लागला की त्याच दिवशी थांबा. नत्र मिळत राहिलं तर फुटवे लुसलुशीत होतात, प्रवासात हेच आधी माना टाकतात. शिवाय मातीत उरलेले क्षार माती सुकताना मुळाशी दाट होत जातात आणि पानांच्या कडा करपतात.

अकोला, अमरावती, बुलढाण्याच्या खारपाणपट्ट्यात हा त्रास दुप्पट आहे. तिथं विहिरीचं-बोअरचं पाणीच खारं, त्यामुळे कुंडीच्या कडेला पांढरा थर चढलेला दिसतो. अशा कुंड्या निघण्याच्या दहाएक दिवस आधी गोड्या पाण्यानं धुऊन काढायच्या. ५ लिटरच्या कुंडीत ८ ते १० लिटर पाणी दोन-तीन हप्त्यांत सोडायचं आणि प्रत्येक वेळी पूर्ण निथळू द्यायचं. पावसाचं साठवलेलं पाणी असेल तर ते या कामासाठी राखून ठेवा. रोजच्या शिंपणाला ते खर्ची घालू नका.

सावलीची सवयही लागते. भर उन्हात वाढलेलं पान दुकानाच्या कमी उजेडात स्वतःचं पोट भरू शकत नाही, मग झाड ते टाकून देतं. शेवंती, पॉइन्सेटिया, कलांचो, बेगोनिया ही झाडं शेवटचे ८-१० दिवस ५० टक्के हिरव्या नेटखाली आणा. बोगनवेल, गुलाब, झेंडू ही उन्हाची झाडं, त्यांना ४-५ दिवस पुरे. जास्त ठेवली तर रंग फिका पडतो.

पाणी थोडं आवळायचं, म्हणजे दोन पाण्यांतलं अंतर किंचित वाढवायचं. इथं एक गैरसमज आहे. बहारासाठी संत्र्याच्या बागेला ताण देतात तसा ताण कुंडीला देऊन चालत नाही. बागेतल्या झाडाची मुळं खोल असतात, कुंडीला जेमतेम वीतभर माती. मोगरा आणि जास्वंद एकदा जरी पूर्ण सुकले तरी कळ्या टाकतात, आणि त्या टाकतात दोन दिवसांनी, माल गिऱ्हाइकाकडे गेल्यावर.

याच काळात कीड पाहून घ्या. पांढऱ्या कागदावर फांदी झटकली की लाल कोळी आणि फुलकिडे चालताना दिसतात. पिठ्या ढेकूण पानाच्या बेचक्यात आणि कुंडीच्या ओठाखाली बसतो. कोळी तर गरम, कोरड्या, बंद गाडीत भराभर वाढतो. निंबोळी तेल ५ मिली प्रति लिटर, त्यात थोडा साबणाचा द्राव, संध्याकाळी पानांच्या खालून मारा. मात्र निघण्याच्या किमान आठवडाभर आधी आणि उमललेल्या फुलांवर नाही, कारण पाकळ्यांवर डाग पडतात.

कोणतं झाड कधी काढायचं

शेवंतीच्या कळ्या मिटलेल्या पाठवल्या तर घराच्या अंधारात त्या पुरत्या उमलत नाहीत, म्हणून निम्म्याच्या आसपास फुलं उघडलेली हवीत. मिनी गुलाबात एखाद-दुसरं फूल उघडलेलं आणि बाकी कळ्यांना रंग आलेला असावा. जास्वंदाचं फूल दिवसभराचं, त्यामुळे आज किती फुलं आहेत याला अर्थ नाही, कळ्या मोजा. झेंडू दोन-तीन फुलांवर निघावा, कारण पूर्ण भरलेला झेंडू डोक्यानं जड होऊन मोडतो. सुकलेली फुलं आणि पिवळी पानं गाडीत चढण्याआधी खुडून टाका. करडी बुरशी आधी त्यांच्यावरच बसते.

पाणी आणि बांधणी

गाडी संध्याकाळी भरायची असेल तर पाणी सकाळी ६-७ ला द्या. पहाटे भरायची असेल तर आदल्या दिवशी चारच्या आत. भरताना माती ओलसर पण निथळलेली हवी आणि पानं-फुलं कोरडी खणखणीत. ओल्या पानांवर कागद गुंडाळून बारा तास बंद ठेवलं की पाकळ्यांवर पाणचट तपकिरी ठिपके येतात, मागोमाग करडी बुरशी.

गुंडाळायला वर्तमानपत्राचे दोन कागद पुरतात. कुंडीच्या तळापासून शंकूसारखे गुंडाळायचे, झाडाच्या दोन इंच वर न्यायचे आणि तोंड उघडं ठेवायचं. प्लास्टिकची स्लीव्ह वापरणार असाल तर भोकांचीच घ्या. बोगनवेलीच्या फांद्या आधी सुती चिंधीनं सैल वर बांधून घ्या. नायलॉनची दोरी साल कापते. पॉइन्सेटिया २४ तासांच्या वर स्लीव्हमध्ये राहू देऊ नका. देठ वर दाबलेल्या स्थितीत राहिले की झाडातच इथिलीन नावाचा वायू तयार होतो आणि स्लीव्ह काढल्यावर पानं खाली लोंबतात.

एसटीनं किंवा कुरिअरनं जाणाऱ्या खोक्यात कुंडी वर उसळू नये म्हणून एक युक्ती फार उपयोगी पडते. ५ प्लायचं खोकं घ्या, उंची झाडापेक्षा दोन इंच जास्त. कुंडी तळाशी बसवली की तिच्या ओठाला लागून खोक्याच्या एका बाजूनं बांबूची कामटी आत घाला आणि समोरच्या बाजूनं बाहेर काढा, अशा दोन. बाहेर राहिलेली टोकं चिकटपट्टीनं बांधा. खोकं कुणी आडवं टाकलं तरी कुंडी जागची हलत नाही. कुंडीच्या मातीवर ओलसर तणसाचा (भाताच्या पेंढ्याचा) चिमटभर थर देऊन वर कागद दाबला की माती सांडत नाही. खोक्याच्या वरच्या निम्म्या भागात चारी बाजूंना इंचभराची चार-सहा भोकं पाडा.

गाडी भरताना

दिवसभर उन्हात उभ्या असलेल्या पिकअपचा लोखंडी तळ चटका देतो. आधी त्यावर पाणी मारून थंड करा, मग दोन-तीन इंच तणस किंवा ओली पोती अंथरा. कुटार (भुसा) नको, ते उडून फुलांत बसतं. ६ इंची कुंड्या भाजीच्या क्रेटमध्ये साधारण ६ बसतात, आणि क्रेटवर क्रेट चढवायचं असेल तर झाड क्रेटच्या काठाखाली राहायला हवं. सुट्या कुंड्या एकमेकींना खेटून लावा, मधल्या फटी तणसानं भरा, शेवटच्या ओळीपुढे फळी आडवी बांधा. उंच झाडं केबिनच्या बाजूला, बुटकी मागे.

उघड्या गाडीत उन्हापेक्षा वारा जास्त मारतो. ताशी ६० किलोमीटरच्या कोरड्या वाऱ्यात पान जितकं पाणी सोडतं तितकं मूळ ओढू शकत नाही. तेव्हा समोरून आणि दोन्ही बाजूंनी हिरवी नेट, तिच्यावर ताडपत्री, आणि मागे वरच्या बाजूला वीतभर फट. ताडपत्री फुलांना टेकू नये म्हणून बांबूच्या किंवा पाइपच्या कमानी लावाव्या लागतात. काळा प्लास्टिकचा कागद मुळीच नको. पांढरी किंवा चंदेरी ताडपत्री थोडी महाग पडली तरी घ्या.

संत्री, केळी आणि न दिसणारा वायू

या भागात सगळ्यात जास्त नुकसान करणारी आणि सगळ्यात कमी ओळखली जाणारी गोष्ट म्हणजे इथिलीन. पिकणारी फळं हा वायू सोडतात. हवेच्या दहा लाख भागांत एक भाग, किंवा त्याहूनही कमी, इतकं प्रमाण कळ्या गाळायला आणि पानं पिवळी करायला पुरतं. वास जाणवत नाही, आणि परिणाम एक-दोन दिवसांनी दिसतो, त्यामुळे दोष भलत्यालाच लागतो.

वरूड, मोर्शी, काटोलकडची पिकअप कळमना मार्केटला संत्री उतरवून परत येते आणि तीच कुंड्यांसाठी मिळते. चांगलं संत्रं इथिलीन फारसं सोडत नाही. पण हिरवी बुरशी चढलेलं सडकं संत्रं भरपूर सोडतं, आणि अशी दोन-चार फळं गाडीच्या कोपऱ्यात, तणसाखाली पडलेली असतातच. गाडी झाडून काढा, जुनं तणस फेकून द्या, तळ साबणाच्या पाण्यानं धुवा आणि तासभर उघडी ठेवा. केळी, आंबा, पपई, चिकू, टमाटे यांच्याबरोबर कुंड्या एका गाडीत कधीच चढवू नका. भाडं वाचतं, माल जातो. केळीच्या वखारीला लागून असलेल्या खोलीत रात्रभर ठेवणं तितकंच वाईट. गाड्यांच्या धुरातही हा वायू असतो, म्हणून भरताना इंजिन बंद ठेवा आणि सायलेन्सरच्या तोंडाशी क्रेट रचू नका.

बोगनवेल, जास्वंद, कलांचो, बेगोनिया, जिरेनियम आणि मिनी गुलाब याला लवकर बळी पडतात. शेवंती आणि जरबेराची फुलं बरीच टिकाव धरतात. उष्णता वाढली की त्याच प्रमाणात वायूचा मारही वाढतो, त्यामुळे एप्रिल-मेमध्ये हे सगळं दुप्पट काटेकोर पाळा. इथिलीनला रोखणारं १-एमसीपी नावाचं औषध आहे, पण ते बंद खोलीत किंवा बंद ट्रकमध्ये चालतं. ताडपत्रीच्या पिकअपमध्ये त्यावर पैसे घालू नयेत.

साठवणीच्या जागेत वायू आहे का, हे टमाट्याच्या रोपावरून कळतं. कुंडीत लावलेलं वीतभर उंचीचं निरोगी रोप, माती ओलसर, रात्रभर त्या खोलीत ठेवा. सकाळी पानं मऊ पडलेली नसताना देठ मात्र खाली वाकलेले दिसले, तर तिथं इथिलीन आहे. दारं उघडा, सडका माल शोधा, नाहीतर जागा बदला.

नवतपा आणि पौषातली रात्र

मार्च ते जूनच्या पहिल्या आठवड्यापर्यंत दिवसा माल हलवायचाच नाही. सहानंतर भरायला घ्या, रात्री नऊच्या सुमारास निघा आणि सकाळी सातच्या आत उतरवा. नागपूरहून अकोला अडीचशे किलोमीटर आहे, रात्रीत आरामात होतं. ड्रायव्हरला एक गोष्ट बजावून सांगा: जेवायला थांबलास तर गाडी झाडाखाली लाव आणि मागची ताडपत्री वर कर. मेमधल्या दुपारी बंद ताडपत्रीखाली उभ्या गाडीत अर्धा तास म्हणजे रात्रभराच्या प्रवासापेक्षा जास्त नुकसान. नवतप्यात, म्हणजे साधारण २५ मेनंतरच्या नऊ दिवसांत, पर्याय असेल तर फुलांचा माल पाठवूच नये.

डिसेंबर-जानेवारीत गणित उलटं होतं. रात्रीचा पारा ८-१० अंशांवर येतो आणि चालत्या गाडीच्या वाऱ्यात झाडाला तो अधिक बोचतो. जास्वंद, अँथुरियम, अडेनियम, पॉइन्सेटिया दिवसा पाठवा. शेवंती, पिटुनिया, डायंथस, डेलिया यांना तीच थंडी मानवते, त्यांना रात्रही चालते.

दोन-तीन दिवस ठेवायची वेळ आली तर

टिनाचं शेड सोयीचं असतं, पण उन्हाळ्यात तिथं झाडं उकडतात. कवेलूची, उत्तरेकडे दार असलेली खोली किंवा दुहेरी नेटखालची मोकळी जागा बरी. आपल्याकडची कोरडी हवा इथं कामाला येते: बाहेर ४२ अंश आणि हवा कोरडी असेल तर चांगला कुलर खोली तिशीच्या आसपास आणतो. झोत थेट झाडांवर मात्र नको, भिंतीवर घ्या. पावसाळ्यात कुलरचा उपयोग नाही. तेव्हा साधा पंखा लावून हवा हलती ठेवा, नाहीतर करडी बुरशी येते. कुंड्यांमध्ये तळहातभर अंतर, गुंडाळलेले कागद काढलेले, आणि दिवसाचे १०-१२ तास ट्यूबलाइट तरी हवी. पूर्ण अंधारात दोन दिवसांनंतर खालची पानं पिवळी व्हायला लागतात.

शीतगृह मिळालं तर आधी विचारा, आत काय ठेवलंय. फळांच्या खोलीत जागा फुकट मिळाली तरी नको. शेवंती आणि मिनी गुलाब २ ते ४ अंशांना काही दिवस राहतात. पॉइन्सेटिया आणि जास्वंदाला १०-१२ च्या खाली नेऊ नका, अँथुरियमला १३ च्या. बाहेर काढल्यावर थंड पानांवर घाम सुटतो, म्हणून काही तास सावलीत पंख्याखाली ठेवून मगच पुढे हलवा.

उतरवल्यावर

कागद लगेच सोडा, कुंड्या सावलीत लावा. लगेच पाइप धरू नका. उन्हात पडलेल्या पाइपमधलं पाणी चहाइतकं गरम असतं, आधी ते सोडून द्या. कुंडी उचलून वजन पाहा. हलकी लागली तर बादलीत ओठापर्यंत बुडवा, बुडबुडे थांबेपर्यंत १०-१५ मिनिटं ठेवा आणि निथळू द्या. कोकोपीट एकदा पूर्ण सुकलं की वरून घातलेलं पाणी ते धरत नाही, म्हणून बुडवणंच बरं. खत ७-१० दिवस नाही. ऊनही सकाळचे दोन तास, मग हळूहळू वाढवत आठवडाभरात पूर्ण.

आंध्रातल्या कडियमहून ट्रकनं येणारी रोपं हा वेगळा विषय. गोदावरीकाठच्या दमट हवेत वाढलेलं झाड इथल्या कोरड्या हवेत आलं की निम्मी पानं गाळतं. अशी झाडं मेलेली नसतात. १०-१५ दिवस नेटखाली ठेवून, सकाळ-संध्याकाळ जमिनीवर पाणी शिंपडून हवा दमट ठेवा, नवा फुटवा दिसला की विका. पिशवी बदलण्याची घाई तोवर नको.

काय बिघडलं हे ओळखताना

पानं ताजी पण कळ्या गळाल्या तर आधी वायूचा संशय घ्या, मग कोरड्या गड्ड्याचा. पानांच्या कडाच कुरकुरीत झाल्या तर वारा लागला किंवा क्षार जास्त झाले. कुठल्या बाजूची पानं करपलीत ते पाहा: गाडीच्या बाहेरच्या ओळीतल्या कुंड्याच करपल्या असतील तर वारा, सगळ्या लॉटमध्ये सारखंच असेल तर खारं पाणी. थंडीनंतर पानांवर काळपट पाणचट चट्टे आले तर ती थंडीची इजा, औषध मारून काही होत नाही. माती ओली असूनही झाड मान टाकत असेल तर काळ्या प्लास्टिकच्या कुंडीच्या उन्हाकडच्या बाजूची मुळं तपासा. ती भाजून तपकिरी झालेली असतात. अशा वेळी आणखी पाणी घातलं की मुळं सडतात.

पानं पूर्ण गळालेलं झाड फेकण्याआधी खोडाची साल नखानं खरवडून पाहा. आत हिरवं दिसलं तर फांद्या एक तृतीयांश छाटा, दाट सावलीत ठेवा, माती जेमतेम ओलसर राहील इतकंच पाणी द्या आणि तीन आठवडे थांबा. तपकिरी आणि कोरडं असेल तर आणखी खाली, मुळाजवळ खरवडा. तिथंही हिरवं नसेल तर कुंडी रिकामी करा. तिच्यातलं मिश्रण दुसऱ्या फुलझाडाला वापरायचं असेल तर आधी ते प्लास्टिकखाली पसरून कडक उन्हात पंधरा दिवस तापवून घ्या.